सतरावी ओळ

धाकट्याने जग बुडवलं त्याला अकरा महिने झाले होते. सूर्य विझवला, नद्यांत राख भरली, शहरं भुतांच्या हवाली केली. हे सगळं घरातल्या टेबलावर, वह्यांत आणि नकाशांत. फाशांचा खेळ होता तो. धाकटा जग सांगणार आणि बाकीच्यांनी त्या जगातली माणसं होऊन तग धरायचा. पण कसला तग नि कसलं काय! नमनालाच घडाभर तेल, चाळीस पानं नुसता विनाशाचा इतिहास. खेळायला येणारा शिंपी महिन्याभरात पळाला. मग वायरमन गेला, जाताना बायकोलाही घेऊन गेला.

उरली एकटी ताई. ती इस्पितळात नर्स. रात्रपाळी उरकून, घरची कामं आटोपून दर रविवारी दुपारी यायची. आज आली ती खांद्यावरची पिशवीसुद्धा न काढता बसली.

"हे बघ, आज शेवटचं. आठवडाभर तिथे मरणं बघायची आणि सुट्टीला इथे येऊन स्वतः मरायचं? माझ्याच्याने नाही होत रे आता."

 कचेरीत दिवसभर धाकटा दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे काढायचा. स्वतःचं म्हणावं असं हे एवढंच होतं. खेळायला कुणी नसेल तर जग कसलं, रद्दीच ती. पण बोलणार कुठल्या तोंडाने? मागच्या तीन रविवारी ताईची तीन पात्रं त्यानेच मारली होती.

"बरं. टाक फासा," तो म्हणाला. "राखेत काय सापडतं बघू."

वीस बाजूंचा फासा गडगडत गेला. सतरा. त्याने यादी काढली, दर आकड्याला एक ओळ. पंधरा, काळ्या पाण्याची विहीर. सोळा, ओळखीचा माणूस, पण त्याला चेहरा नाही. आणि सतरा कोरी! कधीतरी कंटाळून त्याने ती तशीच सोडली होती.

"कोरी ओळ ज्याच्या वाट्याला येईल त्याने भरायची," ताई म्हणाली. "आणि तू ती बदलायची नाहीस. नियम तुझाच आहे, विसरू नकोस."

नियम त्याचाच होता खरा. पहिल्या दिवशी मोठ्या तोऱ्यात केलेला.

ताईने तलवार मागितली नाही, सूर्यही मागितला नाही. "एक पलंग," ती म्हणाली. "धुतलेली चादर. आतून कडी. आणि कुणी हाक मारत नाही."

त्याने लिहून घेतलं. वर बघतो तर नकाशावर डोकं टेकून बाईसाहेब गाढ झोपलेल्या, पिशवी अजून खांद्यालाच.

आता खरं तर राखेतल्या लांडग्यांची पाळी होती. धाकट्याने फासा उचलला, मुठीत धरला आणि आवाज होऊ न देता डब्यात ठेवून दिला. मग टेबलावरचा तिचा फोन उचलून आतल्या खोलीत उशीखाली नेऊन ठेवला.

दोन तासांनी ती उठली. गालावर नकाशाची शाई उमटलेली.

"मेले का मी?"

"नाही. झोपली होतीस."

"आणि लांडगे?"

"आलेच नाहीत."

ताईने चपला घातल्या. दारात जरा घुटमळली.

"पुढच्या रविवारी येते," ती म्हणाली. "तो पलंग मोडू नकोस."