मुकीचं तोंड

“काका, स्टेजवर यायचं, शाल घ्यायची, नमस्कार करायचा आणि खाली उतरायचं. भाषण नाही हं,” ओमकारने मला तिसऱ्यांदा बजावलं. तो कार्यक्रमाचा संयोजक. गळ्यात ओळखपत्र आणि टी-शर्टवर छातीभर मुकी.

मुकी कोण हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही, तरी सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या निपाणीजवळ एका भुताच्या पिक्चरचं शूटिंग झालं. त्यातली हडळ मुखवटा घालून येते. कपाळापासून नाकाच्या मध्यापर्यंत चेहरा काळपट, पापण्या सुजलेल्या. तिथून खाली एकदम फिकट, दुसऱ्याच बाईचा वाटावा असा. आणि ओठ इतके आवळलेले की सुई शिरणार नाही. पिक्चरची गोष्ट लोक विसरले, मुकी राहिली. जत्रेत प्लॅस्टिकची मुकी मिळते, मोबाईलच्या कव्हरवर मुकी असते, गणपतीच्या देखाव्यातसुद्धा मुकी येऊन बसली. शहाण्या माणसांनी लेख लिहिले की वरचा काळा भाग म्हणजे मृत्यू आणि खालचा पांढरा म्हणजे जीवन. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तो चेहरा माझ्या थोरल्या बहिणीचा आहे, गुणाबाईचा. पिक्चरला पंचवीस वर्षं झाली म्हणून बेळगावच्या टिळकवाडीतल्या हॉलमध्ये सत्कार होता, तिथे ती माझ्या शेजारीच बसली होती, इरकल नेसून, मांडीवर पिशवी घेऊन. नवव्या वर्षापासून ती तंबाखूच्या वखारीत चाळणीवर, म्हणजे तंबाखू चाळायला होती. तिथे बायका डोळ्यांच्या खालून हनुवटीपर्यंत फडकं करकचून बांधतात. फडक्याबाहेरचा चेहरा धूळ खाऊन काळवंडतो, पापण्या सुजतात, आणि फडक्याखालचा ऊनवाऱ्याविना पांढरा पडतो. तोंड कुणी उघडत नाही, कारण उघडलं की धूळ आत जाते. तीस वर्षं ओठ आवळून काम केलं की ते घरी आल्यावरही सैल पडत नाहीत. कसला मृत्यू आणि कसलं जीवन! तंबाखू आहे ती.

मी ड्रेपरीवाला. शाळांच्या गॅदरिंगला कपडे, गदा, दाढ्या भाड्याने देतो आणि कागदाच्या लगद्याचे मुखवटे करतो. शूटिंगवाल्यांनी मुंबईहून आणलेला मुखवटा जीपमध्ये फुटला, म्हणून ते माझ्या दुकानात आले. मी माझी सुळेवाली भुतं काढून दाखवली. साहेब, म्हणजे दिग्दर्शक, ती बघून हसला. “अहो, याला बालवाडीतली पोरंसुद्धा भिणार नाहीत!” मी धुमसत घरी आलो. थोड्या वेळाने आक्का वखारीतून आली. नवऱ्याने टाकल्यापासून ती माझ्याकडेच राहायची. दारात तिने गळ्यात ओढलेलं फडकं सोडलं, चेहरा वर केला आणि मी दचकलो. रोज समोर असायची, पण नीट बघितलं ते त्या दिवशी.

भुतासाठी तोंड दे म्हटलं असतं तर तिने मला केरसुणीने झोडपलं असतं. म्हणून मी सांगितलं, खानापूरकडच्या एका गावच्या लक्ष्मीचा मुखवटा करायचा आहे.

“माझ्या तोंडाची देवी?” आक्काला खरंच वाटेना.

“तुझंच पायजे, आक्का.”

ती न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आली, ठळक कुंकू लावलं, देवापुढे हात जोडले आणि चटईवर आडवी झाली. मी तेल लावलं, नाकात दोन नळ्या दिल्या आणि प्लॅस्टर ओतलं. वखारीतल्या बाईला खोकला असायचाच. पंधरा मिनिटं तिने तो गिळला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, मुठी वळलेल्या होत्या, पण चेहरा तसूभर हलला नाही. देवीचं काम होतं ना.

पुढे दरवर्षी तिचं एकच. “आण्णाप्पा, माझी लक्ष्मी कवा दावतोस रं?” आणि माझी कारणं. यंदा यात्रा नाही, रस्ता खराब आहे, पुजारी वारला. जत्रेतली मुकी तिने पाहिली असेल, पण त्या प्लॅस्टिकवर रक्त रंगवलेलं, केस विस्कटलेले. ओळखू येण्यासारखी ती नव्हतीच. पण या सत्काराचं पत्र आलं आणि पोस्टमनने ते ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचलं. ‘आपण घडवलेल्या मूळ मुखवट्याच्या साक्षीने.’ झालं! आक्काने ओटी भरायची तयारी केली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू.

“मीबी येतो,” आक्का म्हणाली. आमच्या भागात बायकाही ‘येतो-जातो’ असंच बोलतात. “म्होरल्या साली असतो का न्हाय, कुणाला ठावं. एकदा ओटी भरतो तिची.”

नको म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मोतीबिंदू आहे, लांबून तिला काय दिसणार, असा हिशेब मी केला. मी असा भेकड माणूस आहे.

साहेब बोलायला उभा राहिला. दाढी आता पांढरी झाली होती. “मुकी मला स्वप्नात दिसली,” तो म्हणाला. “लंडनमधल्या एका हॉटेलात. घामाघूम होऊन उठलो आणि तिचं चित्र काढलं. नंतर इथल्या कारागिरांनी थोडी मदत केली.”

मदत! चित्राचा एक कपटा मी कधी पाहिला नव्हता. माझे हात शिवशिवायला लागले. पण तोंड उघडलं तर शेजारी आक्का. त्याचं खोटं फोडायचं तर आधी माझं फुटणार होतं.

मग पडदा सरकला. काचेच्या पेटीत मूळ मुखवटा, मागच्या पडद्यावर मुकी एका बाईचा गळा आवळते आहे, आणि पुढच्या रांगांतली कॉलेजची पोरं-पोरी मजेत किंचाळताहेत. आक्का उठली. मी तिचा पदर धरेपर्यंत ती पायऱ्यांशी पोचली होती. हा कार्यक्रमाचाच भाग असावा असं वाटून कुणी तिला अडवलंही नाही. मी मागोमाग धावलो. पेटीपुढे तिने खण बाहेर काढला, काचेला नाक लावून निरखून पाहिलं, मग वर पडद्याकडे पाहिलं. खण हातातच राहिला.

“आण्णाप्पा, ही कोण रं?”

माझ्याकडे खोटं अजूनही तयार होतं. पण माझी मलाच इतकी चीड आली की मी साहेबाच्या हातातला माईक ओढून घेतला.

“ह्ये माझ्या आक्काचं तोंड हाय!” मी ओरडलो. “सपान न्हाय आनि लंडन न्हाय. तंबाखूच्या वखारीतलं तोंड हाय ह्ये. देवी करतो म्हनून मी हिला फसवलं आनि ह्यांनी हडळ केली!”

खालून टाळ्या पडल्या. टाळ्या! मोबाईल वर झाले. साहेब मुरलेला माणूस. त्याने आक्काचा हात धरून उंच केला. “वा! माझ्या स्वप्नातली बाई आज माझ्या शेजारी उभी आहे!” खालून कुणीतरी म्हणालं, “आजी, एकदा तसं तोंड करा ना, फोटोला!”

आक्काने हात सोडवून घेतला. माईक माझ्याच हातात होता, त्यामुळे तिचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

“तुमच्या सपनात मी कुठल्या वखारीला हुतो?”

साहेब हसला आणि ओमकारकडे बघू लागला.

“सांगा की. शेजारी कोन बसायची माझ्या, त्ये सांगा. न्हाय ठावं? ह्याच तोंडानं तीस वर्सं मी भर बाजारातनं घरला आलो. एक मानूस भ्यालं न्हाय. एक मानूस वर बघत बी नव्हतं. आनि आता तिकीट काढून किंचाळतायसा व्हय?”

कुणी टाळी वाजवली नाही. तिने खण घडी करून पिशवीत ठेवला आणि कठडा धरत एकटीच पायऱ्या उतरली. माझा हात तिने घेतला नाही.

बेळगावच्या स्टँडवर निपाणीची गाडी लागलेली होती. वाटेत मी तीनदा म्हणालो, “चुकलं माझं, आक्का.” ती एकदाही वळली नाही. गाडीत पुढच्या बाकावर खिडकीशी बसली आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर पिशवी ठेवली. मी मागच्या बाकावर बसलो.

हायवेला लागल्यावर कंडक्टर आला. कर्नाटकच्या गाडीत बायकांना तिकीट फुकट, तिने आधार कार्ड पुढे केलं. त्यावरच्या फोटोतही ओठ तसेच आवळलेले. बरोबर कोण आहे, असं त्याने तिला कानडीत विचारलं. मी मागून नोट पुढे करत होतो.

“यारू इल्ला,” आक्का म्हणाली. कुणी नाही.

त्याने तिचं शून्य रुपयांचं तिकीट दिलं आणि तो माझ्याकडे वळला. मी म्हणालो, “एक निपाणी.”