सुभेदारचे गुरुवार

आमच्या सुभेदारच्या पाठीत दर गुरुवारी एक नवा मणका उगवतो. पांढरा, मऊ, अळंबीसारखा. दिवाळीत हा कुत्रा सोफ्यावर मावत होता. आता त्याचं तोंड स्वयंपाकघरात असतं, पोट मधल्या खोलीतून जातं आणि मागचे पाय गल्लीपलीकडे डॉक्टर मिराशींच्या दवाखान्यात, टेबलावर. सारखी ने-आण करावी लागत नाही, हे एक बरं.

कण्याला बुरशी लागलीय, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. "वर्षभर रोज एक गोळी, भरल्या पोटी. एकही दिवस चुकवायचा नाही."

आम्ही चुकवला नाही. फक्त गुरुवार सोडून. गुरुवारी घरात दत्ताचा उपास असतो, आणि त्या दिवशी सुभेदारही भाकरीला तोंड लावत नाही. खरं सांगायचं तर आम्हीच देत नव्हतो, पण तोच खात नाही असं कौतुकानं सांगायचो. लोक त्याला हात जोडायचे. अजूनही गल्लीतली माणसं चपला काढून त्याला ओलांडतात.

"उपाशीपोटी गोळी कशी द्यायची? आणि एका दिवसानं काय होतंय?" माझी बायको कुंदा म्हणायची, आणि मी मान डोलवायचो. माझ्याएवढा मूर्ख शोधून सापडणार नाही.

घरात आता पाय ठेवायला जागा नाही. कुंदा मंगळवारी त्याच्या पाठीवरून पलीकडच्या खोलीत गेली, ती अजून परतली नाही. तिचं खोकणं तेवढं ऐकू येतं. मी ओट्याखाली सुभेदारचं डोकं मांडीवर घेऊन बसतो.

आज डॉक्टरांचा फोन आला.

"शेपटीकडून एकेक मणका तपासतोय. चिमटा घेतो. तो ओरडला तर सांगा. जाणीव नसेल तर कायमचं झोपवावं लागेल."

"मागच्या भागाला?"

"सगळ्यालाच. हा घेतला चिमटा. ओरडला?"

सुभेदार शांतपणे माझ्याकडे बघत होता. त्याच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. मी फोन तोंडाजवळ धरला आणि कुत्र्यासारखा केकाटलो.

"ठीक," डॉक्टर म्हणाले. "आता पुढचा मणका."

मी पुन्हा केकाटलो. मग पुन्हा. सुभेदारनं कान टवकारले, कशीबशी मान उचलली आणि मला कुठं दुखतंय ते हुंगून शोधायला लागला.