भावजींच्या पानावरचा फोटो

तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर ती आपल्या ब्लॉगवर खुसखुशीत टिपणं लिहायची. तिच्या ताईचे यजमान, म्हणजे भावजी, ती जशीच्या तशी उचलून आपल्या कंपनीच्या न्यूज साइटवर स्वतःच्या नावाने टाकायचे. तिने जाब विचारला, तर जेवताना सगळ्यांसमोर हसले. “अगं, घरातल्या घरात कसली चोरी?” ताईसुद्धा हसली. ते तिला फार झोंबलं.

तिने त्यांचं पान बारकाईने तपासलं. भावजींनी टिपणांसोबतचे फोटो स्वतःच्या साइटवर साठवून घेण्याचेही कष्ट घेतले नव्हते; ते फोटो थेट तिच्याच ब्लॉगच्या सर्व्हरवरून येत होते. म्हणजे तिने फोटो बदलला, की तिथेही बदलणार.

भावजी कंपनीच्या नव्या मालकांना साइट दाखवणार होते, त्या सकाळपर्यंत ती गप्प राहिली. मग ताज्या लेखातल्या नव्या फोनच्या फोटोच्या जागी तिने एक पाटी चढवली: ‘हा लेख मी मेहुणीच्या ब्लॉगवरून चोरला आहे.’

अकराला फोन वाजला. “आत्ताच्या आत्ता काढ ते! मालक समोर बसलेत!”

“काढते की, भावजी. आधी फोन त्यांना द्या.”

क्षणभराने अनोळखी आवाजाने विचारलं, “असे किती लेख आहेत?”

“सदतीस,” ती म्हणाली. “तारखांसकट यादी तयार आहे. पाठवू?”