ताटामागचे बारा शब्द

“तूच दिलं असशील ते ताट!” मी रंगूवर खेकसलो आणि मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. भावकीच्या ग्रुपवर एका ताटाच्या पाठीचा फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, ‘वास्तुशांतीतलं एक ताट राहिलंय. नाव नाही. ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जावं.’

“आवं, मी तवा म्हायेरी हुते, दहिवडीला,” रंगू म्हणाली. “वास्तुशांतीसाठनं नानासोभावजींची माणसं आली तवा तुमीच मोजून दिलीसा की ताटं. फोनवर सांगितलंसा न्हवं, पंचवीस दिली म्हणून?”

खरं होतं. सख्ख्या भावाला मोटरसायकलची चावी न देणारा मी, पण गावजेवणाला ताटं द्यायची म्हटल्यावर मोठेपणाच्या भरात अख्खी चळत उचलून दिली होती. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

आता भानगड काय ती सांगतो. फौजेत सिग्नलला वीस वर्षं काढून मी कुंडलला परतलो, तेव्हा हाती आलेल्या रकमेतला मोठा हिस्सा पोरीनं, संयोगितानं, बिटकॉइनमध्ये घालायला लावला. पुण्यात संगणकातच नोकरी तिची. त्या पैशाची चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ज्याला शब्द ठाऊक, त्याचा पैसा. सही नाही, अंगठा नाही, चोरी झाली तर तक्रारीला खिडकी नाही. शब्द कागदावर लिहून ठेवले, तर कागदाला वाळवी लागली. मग मी स्टीलचं ताट घेतलं. लोक ताटावर नाव घालतात, मी बारा शब्द घातले. तेसुद्धा सहा पलूसच्या दुकानात आणि सहा विट्याच्या. एकाच माणसाला सगळे कळायला नकोत! आणि ते ताट चळतीत सगळ्यात खाली ठेवलं.

ग्रुपवर माणसं दोनशे अकरा. मी रंगूशी भांडतोय तोवर फोटो गायब झाला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुसला म्हणजे आधी कुणीतरी शब्द उतरवून घेतले!

तडक भावकीतल्या नानासोच्या नव्या घरी गेलो. त्याचा थोरला, वीरधवल, पलूसला मोबाइलचं दुकान चालवतो. तो ताट घेऊनच बाहेर आला. ताटाच्या पाठीवर कागद लावून वरून चिकटपट्टी मारली होती.

“बायकूनं टाकला हुता फोटो. मी बघितला आन् पुसाय लावला,” तो हळूच म्हणाला. “पर काका, कुणी बघितला आसंल सांगता येत न्हाई. आजच्या आज दुसरी चावी करा.”

“तुला रं काय ठावं चावीबिवी?”

“धंद्यात कळतंय थोडं थोडं. बारा इंग्लिश शब्द ताटावर उगंच कोण घालतंय?”

“म्हंजी वाचलंस.”

“वाचलं म्हणून तर झाकलं की.”

“आन् पाठ किती केलंस?”

त्याचा चेहरा पडला. “च्या घेऊन जावा, काका,” एवढंच तो म्हणाला. मी ताट काखेत मारलं आणि पाठ फिरवली. म्हटलं, चोराच्या घरचा चहा कोण पितो!

घरी येऊन संयोगिताला फोन लावला. ती म्हणाली, “आप्पा, जुनी चावी बदलता येत नाही. नवं वॉलेट काढू. त्याचे बारा शब्द नवे. जुन्यातलं सगळं तिकडं पाठवायचं, मग जुन्या शब्दांना काही किंमत नाही.” हे मला लगेच पटलं. फौजेत परवलीचा शब्द फुटला की तासाभरात बदलायचो आम्ही. ती सांगत गेली, मी बटणं दाबत गेलो, नवे शब्द कागदावर उतरवत गेलो. पैसे पोचल्याची खूण दिसेपर्यंत मोबाइलवरून नजर काढली नाही. सगळं शाबूत होतं. कुणी छदाम हलवला नव्हता. हायसं वाटलं आणि वीरधवलचा पडलेला चेहरा आठवून लाजही वाटली. फोन मात्र मी केला नाही.

“आणि आप्पा, या वेळी आईला शब्द सांगून ठेवा,” संयोगिता म्हणाली. “उद्या तुम्हाला काही झालं तर ते कुणालाच उघडता यायचं नाही.”

“तुझ्या आईला? तिच्या पोटात काय ऱ्हातंय? सांजच्याला गावभर हुईल!”

फोन ठेवून वळलो तर रंगू दारातच उभी. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणू लागली, “टायगर. लेमन. विंडो.” एकही न चुकता, ताटावरच्या क्रमानं तिनं बाराच्या बारा शब्द म्हटले.

“कवा पाठ केलंस?”

“दोन वर्सं झाली. दसऱ्याला भांडी घासताना दिसलं. तुमचा सगळा जीव त्या ताटात, मला काय कळत न्हवतं व्हय? म्हटलं, ह्यास्नी कायबी झालं तर एकाला तरी ठावं पायजे.”

“कुणाला बोललीस?” माझ्या तोंडून निघून गेलंच.

“तुमास्नी तरी बोलले व्हय?”

नव्या शब्दांचा कागद माझ्या वरच्या खिशात होता. काढून तिच्या हातावर ठेवायला किती वेळ लागणार होता? हात खिशाशी गेलाही. पण तिथंच राहिला. ती क्षणभर त्या हाताकडे बघत थांबली आणि आत गेली.

जेवायला बसलो तर समोर तेच ताट. गरम भाकरी, वांग्याची भाजी, कडेला ठेचा.

“आता ह्याचं काम संपलं न्हवं? मग वापरू की,” रंगू म्हणाली. “पर पलूसला गेलासा की नाव घालून आणा ह्याच्यावर. परत कुणाकडं गेलं तर घरी तरी यील.”

“कुणाचं घालू? तुझं घालतो.”

“माझं कशाला?” तिनं भाकरीवर तूप सोडलं. “तुमचंच घाला.”

मी मान हलवली आणि घास मोडला. खिशातला कागद खिशातच होता.