उजव्या सीटचा पट्टा

इंजिन चालूच होतं. वाऱ्याने उडणारी टोपी एका हाताने दाबून धरत मामा उजव्या दाराने खाली उतरले आणि दार धरून ओरडले,

"तीन फेऱ्या! उडायचं, वळसा घालायचा, उतरायचं. घाई कसलीच नाही."

"हो सर," भाची म्हणाली.

घरी ते मामा, इथे सर. विद्यापीठाच्या या विमानशाळेतली बाकीची पोरं त्यांना पाठीमागे सर्रास मामाच म्हणायची. ती मुभा नव्हती ती फक्त सख्ख्या भाचीला. मामांनी दार लोटलं, वर एक थाप मारली आणि धावपट्टीच्या उजव्या कडेला गवतात जाऊन उभे राहिले.

लांब शेडसमोर शाळेची बाकीची विमानं रांगेत होती. सगळी एकाच रंगाची, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एक सकाळी सुरू व्हायला नखरे करायचं, एक जमिनीवर सारखं डावीकडे ओढायचं. भाचीला दिलं होतं ते सर्वांत जुनं. पोरं त्याला 'थोरली' म्हणत. थोरली कुरकुरायची फार, पण तिने आजवर कुणाला दगा दिला नव्हता. आज पोरगी पहिल्यांदा एकटी उडणार हे मामांनी ताईला, म्हणजे तिच्या आईला, कळवलंच नव्हतं. ताई आधी रडली असती आणि मग त्यांची खरडपट्टी काढली असती. त्यापेक्षा पोरगी उतरली की फोन करू, असं त्यांनी ठरवलं होतं.

थोरली धावू लागली. समोरून गेली तेव्हा दाराखाली काहीतरी लोंबताना दिसलं. ते पत्र्यावर ठाकठाक आपटत होतं.

मामांनी लगेच ओळखलं. त्यांच्याच सीटचा पट्टा! रिकाम्या सीटचा पट्टा बांधून ठेवायचा, हे प्रत्येक नव्या तुकडीला ते घसा कोरडा होईपर्यंत सांगत. आज भाचीच्या काळजीत स्वतःच विसरले आणि बकल दाराबाहेर राहिलं. विमानाला त्याने काही होणार नव्हतं. पण आत बसलेल्याला वाटतं, इंजिनाचेच तुकडे होतायत. त्या आवाजाने भल्याभल्यांची गाळण उडालेली त्यांनी पाहिली होती, आणि ही तर आज पहिल्यांदा एकटी.

तोवर थोरलीने जमीन सोडली होती.

मामांनी हातातल्या रेडिओचं बटण दाबलं. सांगावं, तर ती पट्टा आत ओढायला वाकेल आणि विमान हातातून जाईल. न सांगावं, तर घाबरून काहीतरी भलतंच करून बसेल. शिवाय रेडिओवर कंट्रोल टॉवर ऐकत होता, बाकीचे प्रशिक्षक ऐकत होते. त्यांनी बटण सोडलं. नक्की कशामुळे सोडलं, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

ते गवतात येरझारा घालू लागले. विमान वळलं, लांब गेलं, पुन्हा वळलं. शेवटी धावपट्टीच्या टोकाशी खाली येताना दिसलं आणि चाकं अलगद टेकली. थोरली हळूहळू त्यांच्याजवळ येऊन थांबली, तसं त्यांनी जवळजवळ धावतच जाऊन दार उघडलं.

"आवाज ऐकलास?"

"ऐकला की! कानठळ्या बसल्या." ती चक्क हसत होती. "पण मी ओळखलं. तुम्हीच काहीतरी करून ठेवलं होतंत ना? सीनियर मुलं म्हणतातच, सर पहिल्या फेरीत परीक्षा बघतात. मग मी लक्षच दिलं नाही. इंजिनाचे काटेसुद्धा बघितले नाहीत."

मामा नुसते हसले असते, तरी विषय तिथेच मिटला असता. शाळाभर किस्सा झाला असता, ताईने चारचौघांत कौतुक सांगितलं असतं. आणि पुढे कधीतरी खरंच इंजिन खडखडलं असतं, तेव्हाही ही पोरगी अशीच हसत बसली असती.

"विसरलो मी," ते म्हणाले.

"काय?"

"पट्टा. बाहेर राहिला. परीक्षा-बिरीक्षा काही नाही. कुणाचीच कधी घेतली नाही."

तिचं हसू थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं. मग हात थरथरायला लागले. तिने ते मांडीखाली दाबले.

"म्हणजे तो आवाज कसलाही असू शकला असता."

"हो."

"तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं. रेडिओही हातात होता."

मामांनी पायरीवर पाय ठेवला.

"आज एवढं पुरे. मी बसतो शेजारी, परत जाऊ."

"दोन फेऱ्या राहिल्यात. उतरा."

"अगं, हात बघ तुझे."

"थांबतील. उतरा, मामा."

त्यांनी पाय मागे घेतला. तिने वाकून रिकाम्या सीटचा पट्टा स्वतः बांधला, दार ओढून लावलं आणि एकदा धक्का देऊन पाहिलं. मग समोरच्या एकेका काट्यावर बोट ठेवत ती काहीतरी पुटपुटत राहिली. मामा काचेबाहेर उभे होते. शेवटच्या काट्यावरून बोट काढून तिने थोरली हलवली, तेव्हाही तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.