गाडी मिळेल, बाहेर जाणार नाही

शर्यतीच्या आठवड्यात भाड्याची गाडी शोधणं म्हणजे भर दुपारी सावली शोधणं. असते, पण तिच्यात आधीच कुणीतरी पाय पसरून बसलेलं असतं. त्यातून यंदा शर्यतीला लागूनच नव्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

धाकटी रोज जेवणाच्या सुट्टीत फोन घेऊन बसायची. ती एका दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा द्यायचं काम करायची. कुणाला कधी बोलवायचं, कुणाला कुणाच्या मध्ये घुसवायचं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण गाडीपुढे तिने हात टेकले होते. गाड्या भाड्याने देणाऱ्यांची स्टेशनजवळची शाखा, विमानतळावरची शाखा, बाजारातली शाखा, सगळीकडे एकच उत्तर: शिल्लक नाही. एका गृहस्थाने तर तिला गोड आवाजात विचारलं, "कुठल्या वर्षीच्या शर्यतीसाठी म्हणालात?"

हा सगळा खटाटोप अप्पांसाठी होता. अप्पा म्हणजे तिचे वडील. उभा जन्म गॅरेजमध्ये गेलेला. हातोड्यांनी आणि इंजिनांनी त्यांचे कान खाल्ले होते आणि उरलंसुरलंही आता चाललं होतं. कानाच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "हे कानातलं मशीन आणखी थोडे दिवस साथ देईल. मग नाही. काही ऐकायचं राहून गेलं असेल तर यंदा ऐकून घ्या."

त्या रात्री जेवताना सगळं घर अप्पांच्या तोंडाकडे बघत होतं. वहिनीला वाटलं, नातवंडांचं गाणं मागतील. धाकटीला मनातून वाटलं, आपल्यालाच जवळ बसवून म्हणतील, बोल पोरी. अप्पांनी घास गिळला आणि म्हणाले, "ती शर्यतीची इंजिनं. एकदा, जवळून."

"टीव्हीवर लावून देतो की," दादा म्हणाला. "आवाज पूर्ण सोडतो."

पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरणाऱ्याकडे बघावं तसं अप्पांनी त्याच्याकडे बघितलं. धाकटीला वाईट वाटलं ते वाटलंच. कुणाला आपल्या माणसांचे आवाज हवे असतात, यांना इंजिनं. पण लहानपणापासूनची तिची आणि त्या इंजिनांची सवतीमत्सराचीच गोष्ट होती. दुपारी आई तिला गॅरेजवर पिटाळायची. ती दारात उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडायची, "अप्पा, जेवायला चला!" आणि आत कुणी ना कुणी इंजिन तापवत असायचं. हाक कधी म्हणून पोचली नाही. शेवटी आत शिरून सदरा ओढावा लागायचा.

तरी तिने तिकिटं काढली. ती मिळाली शर्यतीच्या मैदानाच्या पलीकडच्या, प्रेक्षकांच्या स्टँडची. तिथे टॅक्सी सोडत नव्हते, पण स्वतः चालवायची गाडी थेट पायऱ्यांपर्यंत नेता येत होती आणि अप्पांच्या गुडघ्यांना तेवढंच झेपणार होतं. म्हणून गाडी हवी. आणि एक दिवस ती सापडली! मैदानाला अगदी लागून असलेल्या शाखेत, नेमकी शर्यतीच्या दिवशी, छोटी गाडी, नेहमीच्याच भाड्यात. खरं तर सगळी पंगत उपाशी असताना एकच ताट वाढून ठेवलेलं दिसलं, तर माणसाने आधी विचारावं की बाबांनो, इथे कुणी का बसत नाही? पण धाकटीला हर्षवायू झाला होता. तिने झटक्यात गाडी नावावर केली आणि फोन दादाच्या नाकासमोर धरला.

"बघ हं," दादा म्हणाला, "ऐनवेळी फजिती नको. त्यांना पुढच्या वर्षी नेऊ असं म्हणता येणार नाही."

"मी करतेय ना!" धाकटी म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी अप्पांना घेऊन तिने स्टेशनवरून टॅक्सी केली. पत्ता ऐकून टॅक्सीवाल्याने आरशातून दोघांकडे बघितलं. "तिथे? आज?"

"बुकिंग आहे," धाकटी ऐटीत म्हणाली. त्याने खांदे उडवले. दोघांना शाखेच्या दारात उतरवून तो माघारी गेला, आणि त्याची टॅक्सी बाहेर पडताच पोलिसांनी रस्त्यावर लोखंडी कठडे ओढले.

काउंटरवर एक जाडजूड बाई बसल्या होत्या. समोर कापसाचं मोठं बंडल. त्यांनी किल्ली पुढे सरकवली आणि खिडकीतून अंगणातली एक गाडी दाखवली. पांढरी, उंच, एक अख्खं बिऱ्हाड मावेल अशी.

"आम्ही छोटी सांगितली होती," धाकटी म्हणाली.

"छोटी किंवा तशीच, असं असतं ताई. एकच उरलीय."

"ही कुठल्या बाजूने तशीच?"

"चाकं चार आहेत," बाई म्हणाल्या.

धाकटीने वाद घातला नाही. मोठी तर मोठी. "बरं, इथून बाहेरच्या रस्त्याने पलीकडच्या स्टँडला जायला कुठून वळायचं?"

बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं. त्या नजरेत कीव होती. "अहो ताई, गाडी मिळेल, पण बाहेर जाणार नाही. संध्याकाळपर्यंत चारी बाजूंनी रस्ते बंद. म्हणून तर शिल्लक होती. इथलं माणूस आजच्या दिवशी इथली गाडी घेत नाही."

धाकटी धावत कठड्यापाशी गेली, पोलिसांची मनधरणी केली, आणि वाळूत पाणी ओतून परत आली. मैदानावरून पलीकडे जायला पायपूल होता. त्याचा जिना तिने मान मागे टाकून बघितला आणि मग अप्पांच्या गुडघ्यांकडे बघितलं. विषय संपला. जगातल्या सगळ्या पेशंटना वेळा देणारी ती, स्वतःच्या बापाची एकच वेळ चुकवून बसली होती. ती वेळ पुन्हा मिळणारी नव्हती.

"अप्पा, चुकलं माझं," ती त्यांच्या मशीनजवळ तोंड नेऊन म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "गाडी जाणार नाही. आपल्याला स्टँडवर पोचता येणार नाही."

अप्पांचं लक्षच नव्हतं. ते मागच्या दाराने अंगणात गेले आणि उद्याच्या गिऱ्हाइकांसाठी रांगेत लावलेल्या गाड्या बघायला लागले. "या सगळ्यांच्या काचा दोन बोटं खाली का?"

"थरथरून तडकतात ना, काका," बाई आतून ओरडल्या. "बॅटरीच्या तारासुद्धा काढून ठेवतो. नाहीतर ते गेले की सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम बोंबलतात."

"कोण गेले की?" धाकटीने विचारलं.

"ते." बाईंनी अंगणाच्या टोकाच्या, पत्र्याच्या उंच कुंपणाकडे बोट केलं. शेजारच्या भुंकणाऱ्या कुत्र्याबद्दल बोलावं तसा त्यांचा सूर होता. "त्याच्यामागेच मोठं वळण आहे. दरवर्षीचा ताप. कापूस देऊ का?"

धाकटी मोठ्या गाडीच्या बंपरवर चढली. टाचा उंचावल्या. पत्रा आणि वर आभाळ. "इथून तर काहीच दिसत नाही हो!"

"काही म्हणजे काही नाही. म्हणून इथे कुणी फिरकत नाही."

"बघायला कोण आलंय?" अप्पा म्हणाले आणि पत्र्याजवळ जाऊन उभे राहिले.

मग वाट बघणं आलं. लांबवर लाऊडस्पीकरवरून कुणीतरी काहीतरी सांगत होतं. मग तेही थांबलं. इतकी माणसं जमलेल्या जागी इतकी शांतता धाकटीने कधी ऐकली नव्हती. पत्र्यावर एक मुंगी चालली होती, ती चालायची थांबली. आणि दूर कुठेतरी, जमिनीच्या पोटात जणू, कुणीतरी जाड कापड फाडायला सुरुवात केली. आवाज वाढला, आणखी वाढला, आता पुरे असं वाटलं त्याच्याही पुढे गेला, आणि मग ते आले.

धाकटीच्या तोंडून किंकाळी निघाली ती तिची तिलाच ऐकू आली नाही. पत्रा थरारला, पायाखालची खडी नाचली, गाड्यांच्या काचा दारांतल्या दारांत खुळखुळल्या, दात एकमेकांवर वाजले. एकामागून एक, एकामागून एक, पलीकडे आभाळच फुटत होतं. आपल्या आत बरगड्यांचा एक पिंजरा आहे हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. ते गेले. अंगावर काटा तसाच राहिला. माणसांनी, तिच्या बापासारख्या तेलकट हातांच्या माणसांनी, हे बनवलं? तिला हात जोडावेसे वाटले.

तिने वळून बघितलं तर अप्पांचा चेहरा कोरा होता.

त्यांनी कानातून मशीन काढलं. "नुसती शिट्टी वाजली आणि बंद पडलं," ते म्हणाले. "फार मोठा आवाज आला की बंदच होतं हे." मशीन खिशात टाकून ते रिकाम्या कानांनी उभे राहिले. पुन्हा ते आले, पुन्हा आभाळ फुटलं, पुन्हा गेले. अप्पांनी मान हलवली. "छातीत काहीतरी हलतंय पोरी. पण ऐकू येत नाही."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की धाकटीला वाटलं, त्यापेक्षा आपल्या दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. इथवर आणलं आणि हाती धुपाटणंसुद्धा नाही.

अप्पा मात्र वळले आणि त्या पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडून आत वाकले. चाकाचा लांब पाना घेऊन बाहेर आले. धाकटीला कळेना. पान्याचं एक टोक त्यांनी पत्र्याला टेकवलं. दुसरं टोक कानामागच्या हाडावर दाबलं आणि डोळे मिटले. तेव्हा तिला आठवलं. गॅरेजमध्ये ते असेच लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनला लावून, मुठीवर डोकं टेकून उभे राहायचे. पोरं म्हणायची, तुझे अप्पा इंजिनशी कानगोष्टी करतात.

ते आले.

अप्पांचा चेहरा उघडत गेला. एखाद्या बंद घराच्या खिडक्या कुणीतरी एकेक करून उघडाव्यात तसा. "आई गं!" ते म्हणाले. नंतर मोठ्याने, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाच्या बेताल आवाजात: "अगं आई गं! हा आधी ब्रेक दाबतो. हा बघ, हा दम धरतो, धरतो, आणि आता सोडला! वा रे पठ्ठ्या!" गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. उरल्या आयुष्यात आणखी काही मिळालं नाही तरी चालेल, असा तो चेहरा होता. एवढा आनंद एका माणसात मावतो हे धाकटीला ठाऊक नव्हतं.

"ये," त्यांनी तिला खुणावलं. "तूही ऐक."

तिने घाबरतच पाना कानामागे लावला. गर्जना नव्हतीच तिथे. बाहेर जो एकच राक्षस होता तो आत कितीतरी जणांत वेगळा झाला होता: एक तापट, एक खोल, एक जरासा घोगरा. प्रत्येकाचा श्वास निराळा, प्रत्येकाचं वळण घेणं निराळं. गर्दी लांबून एकच कालवा वाटावी आणि जवळ गेल्यावर तीत माणसं दिसावीत, तसं. म्हणजे अप्पा जन्मभर हे ऐकत होते. आणि ती दारात उभी राहून म्हणायची, केवढी ही कटकट.

बाई कधी बाहेर आल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी कानांतला कापूस काढून हातात धरला होता. "मला देता जरा?" त्या म्हणाल्या. पाना लावून त्या ते पुन्हा येईपर्यंत थांबल्या, आणि ते आल्यावर एवढंच म्हणाल्या, "अगंबाई." नंतर कापूस त्यांनी पुन्हा घातला नाही.

दादाचा फोन आला. "पोचलात का स्टँडवर? दिसतंय का नीट?"

"नाही पोचलो," धाकटी म्हणाली. "काहीच दिसत नाही." आणि ती हसत सुटली. दादा विचारत राहिला काय झालं, काय झालं, आणि तेवढ्यात ते आले, म्हणून तिने फोन पत्र्यासमोर धरला.

शर्यत संपली. लोकांचा गलबला उठला आणि विरला. रस्ते उघडायला अजून अवकाश होता. बाईंनी आतून खुर्च्या आणून दिल्या. धाकटीने अप्पांना खुणेने विचारलं, मशीन घालता का? त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"त्याच्यात तुझा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो," ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी पाना उचलला. एक टोक आपल्या कानामागे लावलं आणि दुसरं, जपून, तिच्या गळ्याखालच्या हाडावर टेकवलं. लोखंड गार होतं. "आता तू बोल. दारात उभी राहून हाका मारायचीस ना, तसं."

"तुम्हाला माहीत होतं?" धाकटीने विचारलं.

"ओठ दिसायचे की. आवाज तेवढा राहून गेला."

ती ताठ बसली, आणि पूर्वीसारखी, बेंबीच्या देठापासून हाक मारली.

"अप्पा, जेवायला चला!"

अप्पांनी डोळे मिटले. पाना जरासा थरथरला.

"आलो," ते म्हणाले.