चेपलेला मणका

“हिला काय रोग नाय, डॉक्टर. कामाचा कंटाळा हाय निस्ता,” साहेबराव म्हणाला आणि बायकोकडे न बघताच हसला.

मनकर्णाबाईने पदर तोंडाला लावून खोकला दाबला. खोकला हटेना म्हणून दोघं शेंद्र्याहून शहरातल्या या दवाखान्यात आली होती. छातीचा फोटो समोरून काढला, मग कुशीवरूनही. खोकल्याचं औषध लिहून झालं, तरी डॉक्टरीणबाईंची नजर पडद्यावरून हलेना. कॉम्प्युटरने फोटोतल्या प्रत्येक मणक्याभोवती हिरवी चौकट आखली होती. एकाच मणक्याभोवती ती लाल होती.

“आम्ही हे शोधतच नव्हतो. कॉम्प्युटरनं खूण केली म्हणून मी नीट पाहिलं,” ती तरुण डॉक्टर म्हणाली. “मावशी, हा मणका चेपलाय. जुनं फ्रॅक्चर आहे. कधी पडला होतात?”

“ती कुठं पडती? चांगली धडधाकट हाय,” साहेबराव मध्येच म्हणाला. “मशीनचं काय खरं धरता?”

“मशीन चुकतंही. इथं चुकलेलं नाही. आणि मी मावशींना विचारलंय.”

मनकर्णाबाई लाल चौकटीकडे पाहत राहिली. मुलगा ऋतुराज रांगत होता तेव्हाची गोष्ट. माळवदावर मिरच्या वाळत घालताना तिने माहेरी जायचा विषय काढला, आणि नवऱ्याच्या एका धक्क्यासरशी ती खाली अंगणात येऊन आदळली. दोन दिवसांनी तिला कापूस वेचायला धाडलं. तेव्हापासून वाकताना कण्हली की घरात एकच शब्द, नाटकी. सासू गेली, शब्द राहिला. पुढे ऋतुराजही तोच बोलायला शिकला. कधी कधी तिलाच वाटे, आपण खरंच सोंग करतो की काय.

“पाय घसरला व्हता हिचा. माळवदावरून,” साहेबराव एकदम म्हणाला. “आत्ता आठवलं.”

“घसरला नाय,” मनकर्णाबाई म्हणाली. “तुमी ढकललं.”

“परक्यापुढं अब्रू काढती? घरी चल, दावतो तुला.”

“इथं धमक्या द्यायच्या नाहीत. बाहेर व्हा!” डॉक्टर उठून उभी राहिली. तो दार आपटून गेला. “मावशी, कुणाला बोलवू का? आणि मोटारसायकलवर बसू नका, हिसके बसतील.”

“नगं बाई. मुकुंदवाडीला लेक हाय माझी. तिच्याकडं जाते.”

बाहेर साहेबराव मोटारसायकल चालू करून उभा होता. “बस,” तो खेकसला.

ती जागची हलली नाही. “मी लेकीकडं चालले.”

“ऋतुराजला काय सांगू मंग?”

तिने फोटोचं पाकीट त्याच्या हातात दिलं. “हे दावा त्याला.”

तो तिच्या पायाशी थुंकला आणि निघून गेला.

रिक्षात चढताना पाठीतून कळ गेली. पुढचा रस्ता सगळा उखडलेला होता.

“भाऊ, हळू घे,” ती म्हणाली. मग जरा थांबून, मोठ्याने, “माझा मणका मोडलाय.”

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

“आराम से लेतूं, अम्मा,” तो म्हणाला आणि खड्डा चुकवला.